एक नाव, असंख्य नोंदी : वर्गसामायिक चल आणि नगर जिल्ह्याचे नामांतर

जामखेड तालुक्यातील चौंडी हे अहिल्यादेवी होळकर यांचे जन्मस्थान. तेथे ३१ मे २०२३ रोजी, त्यांच्या जयंतीच्या दिवशी, अहमदनगरच्या नामांतराची घोषणा राज्याच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी केली. १३ मार्च २०२४ रोजी मंत्रिमंडळाने त्यास संमती दिली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये राजपत्रातील अधिसूचनेने 'अहिल्यानगर' हे नाव अधिकृत झाले. या घटनेचे राजकीय व सामाजिक अंग मोठे आहे. त्याचा विचार अन्यत्र झाला आहे व पुढेही होईल. येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न वरकरणी पाहता क्षुल्लक वाटण्याजोगा आहे. चौदा तालुके आणि १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्र असलेल्या, राज्यातील सर्वांत विस्तीर्ण अशा या जिल्ह्याचे नाव नेमके कोठे लिहिलेले असते? ते ज्या लक्षावधी उताऱ्यांवर, दाखल्यांवर आणि नोंदींवर दिसते, त्यांपैकी प्रत्येकाची ती स्वतःची मालमत्ता असते, की ती सर्वांची मिळून एकच असते?

संगणकशास्त्राने हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत गेली सहा दशके विचारला आहे. ज्या पद्धतीस विद्यार्थिवर्ग ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग या नावाने ओळखतो, तिच्यात 'वर्ग' हा साचा असतो आणि त्या साच्यातून निघालेली प्रत्येक 'वस्तू' आपापली मूल्ये जवळ बाळगते. सातबाराचा उतारा हा वर्ग मानला, तर भूमापन क्रमांक, क्षेत्र, आकार आणि खातेदाराचे नाव ही प्रत्येक उताऱ्याची स्वतःची मूल्ये होत. राहुरीच्या एका उताऱ्यावरील खातेदार बदलला म्हणून पारनेरच्या उताऱ्यावरील खातेदार बदलत नाही. परंतु काही मूल्ये अशी असतात की ती कोणा एका उताऱ्याची नसून सर्वांना समान असतात. 'महाराष्ट्र राज्य' हे नाव तसे आहे. अशा मूल्याची एकच प्रत ठेवून ती वर्गाच्या स्वाधीन करावी, आणि वस्तूंनी ती गरजेनुसार पाहावी, ही कल्पना 'स्टॅटिक क्लास व्हेरिएबल' या नावाने रूढ आहे.

या नावाने मराठीत जो गोंधळ होतो, त्याबद्दल दोन शब्द सांगणे भाग आहे. गणिताच्या परिभाषेत 'व्हेरिएबल' म्हणजे चल आणि 'कॉन्स्टंट' म्हणजे स्थिरांक. 'स्टॅटिक' या शब्दाचे भाषांतर 'स्थिर' असे केले की 'स्थिर चल' हा उघड वदतोव्याघात तयार होतो, आणि या चलाचे मूल्य बदलता येत नाही असा ग्रह होतो. वस्तुस्थिती तशी नाही. येथे स्थिर असते ते मूल्य नव्हे. स्मृतीतील त्याची जागा स्थिर असते. कार्यविधी चालू होताच निर्माण होणाऱ्या आणि तो संपताच नष्ट होणाऱ्या चलांच्या उलट, या चलाला आज्ञावलीच्या संपूर्ण आयुष्यभर एकच घर असते. घरातला रहिवासी मात्र बदलू शकतो. म्हणून या लेखात 'वर्गसामायिक चल' हा शब्द योजिला आहे. तो लांब आहे, पण फसवा नाही.

या कल्पनेची वंशावळ सरळ नाही. १९६० च्या अल्गोल भाषेच्या अहवालात 'ओन' म्हणून घोषित केलेल्या चलांची सोय होती. एखाद्या खंडातून आज्ञावली बाहेर पडून पुन्हा आत शिरली, तरी अशा चलाचे पूर्वीचे मूल्य टिकून राही. परंतु त्याला आरंभीचे मूल्य कसे द्यावे याची तरतूद अहवालात नव्हती, आणि स्वतःलाच बोलावणाऱ्या कार्यविधींत या चलाचा अर्थ काय करावा याविषयी एकमत झाले नाही. नंतर बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडविलेल्या सी भाषेत 'स्टॅटिक' हा शब्द दोन अर्थांनी आला. कार्यविधीच्या आत तो मूल्य टिकवून धरतो. कार्यविधीच्या बाहेर तो नावाला त्या एका संचिकेपुरते मर्यादित करतो. या दोन अर्थांत परस्परसंबंध फारसा नाही, आणि वर्गाशी तर दोहोंचाही नाही.

वर्गाची कल्पना आली ती नॉर्वेतून. ओस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी सिम्युला ६७ ही भाषा रचली. बंदर, कारखाना, रांग अशा जिवंत व्यवहारांची संगणकावर प्रतिकृती करणे हा तिचा उगमहेतू होता. विशेष असे, की वर्गाची ही जननी असूनही तिला वर्गसामायिक चलाची स्वतंत्र गरज भासली नाही. सिम्युलाचे वर्ग अल्गोलच्या पद्धतीने खंडांच्या आत लिहिले जात. वेढणाऱ्या खंडात एखादे चल घोषित केले की आतील वर्गाच्या सर्व वस्तूंना ते आपोआप सामायिक होई. घराच्या ओसरीवर ठेवलेला रांजण कोणा एका खोलीचा नसतो, तद्वतच हे होते.

पुढे पॅलो अल्टो येथील झेरॉक्स संशोधन केंद्रात अॅलन के व त्यांचे सहकारी यांनी स्मॉलटॉक भाषा विकसित केली. १९८३ साली अॅडेल गोल्डबर्ग आणि डेव्हिड रॉब्सन यांच्या ग्रंथातून स्मॉलटॉक-८० चे जे स्वरूप सर्वांसमोर आले, त्यात वर्ग ही स्वतःच एक वस्तू मानलेली आहे. साहजिकच दोन भिन्न गोष्टी वेगळ्या करणे प्राप्त झाले. एक 'वर्गचल' : ते वर्ग, त्याचे उपवर्ग आणि त्या सर्वांच्या वस्तू यांत मिळून एकच असते. दुसरे 'वर्गाचे स्वतःचे चल' : त्याची घोषणा वारशाने उपवर्गाकडे जाते, पण प्रत्येक उपवर्गाचे मूल्य निराळे राहते. हा भेद आज अनेक भाषांच्या पाठ्यपुस्तकांत पुसट झालेला आहे. तो पुसट होण्याने काय बिघडते, हे नगर जिल्ह्याच्या उदाहरणात पुढे दिसेल.

ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप हे सिम्युलाचे जुने वापरकर्ते. त्यांनी १९७९ पासून सी भाषेवर वर्गांचे कलम केले आणि त्यातून सी प्लस प्लस निर्माण झाली. वर्गसामायिक चलासाठी तेथे नवा राखीव शब्द न घेता जुन्याच 'स्टॅटिक' ला तिसरा अर्थ दिला गेला. विद्यार्थ्यांची पहिली ठेच येथे लागते. या भाषेत असे चल वर्गात केवळ घोषित होते. त्याची प्रत्यक्ष जागा वर्गाबाहेर, एकदाच, वेगळी द्यावी लागे. २०१७ च्या मानकापासून ही अट पुष्कळ शिथिल झाली. जावा भाषेने १९९५ साली हाच शब्द उचलला, पण बाहेर वेगळी व्याख्या करण्याचे बंधन काढून टाकले. तीन अर्थांचे ओझे वाहणारा हा शब्द आज महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमांत आहे तो असा, तीन पिढ्यांच्या वारशाने.

आता पुन्हा उताऱ्याकडे वळावे. जिल्ह्याचे नाव प्रत्येक उताऱ्याने स्वतःजवळ बाळगावे, ही कागदाच्या युगातील रीत होती. दुसरी शक्यही नव्हती. छापील नमुन्याच्या शिरोभागी गाव, तालुका, जिल्हा यांसाठी रिकाम्या जागा असत आणि तलाठी त्या भरीत असे. यात शब्दांची पुनरुक्ती आहे. पण प्रत्येक पान स्वयंपूर्ण राहते हा मोठा लाभही आहे. मोडी हिशेबी कागदांत याच्या उलट प्रकार पुष्कळदा आढळतो. परगणा आणि साल मथळ्यात एकदाच घातलेले असते आणि त्याखाली तपशिलाच्या ओळी उतरत जातात. लेखकाचे श्रम वाचतात. मात्र मथळ्याचा बंद गहाळ झाला की खालच्या सर्व रकमा पोरक्या होतात. सामायिक मूल्याचे गुण आणि दोष या दोन प्रकारच्या कागदांत जितके स्पष्ट दिसतात, तितके संगणकाच्या पडद्यावर क्वचितच दिसत असतील.

पुनरुक्तीचा तोटा नामांतराच्या वेळी उघडा पडतो. नाव प्रत्येक नोंदीत असेल, तर प्रत्येक नोंद दुरुस्त करावी लागते. एखादी राहून जाते. आणि मग एकाच जिल्ह्याची दोन नावे एकाच कचेरीत नांदू लागतात. यासाठी नामांतराचीच वाट पाहावी लागते असे नाही. रोमन लिपीत या जिल्ह्याचे जुने नाव जनगणनेने आणि १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरने 'अहमद' या उच्चारास धरून लिहिले, तर इतर अनेक कार्यालयांनी दुसरा 'अ' काढून तेथे 'ई' हे अक्षर घातले. माणूस दोन्ही वाचतो आणि एकच समजतो. यंत्राला मात्र ते दोन जिल्हे वाटतात.

मग नाव वर्गसामायिक करावे, हे उत्तर तत्काळ सुचते. एका ठिकाणी मूल्य बदलले की सर्व उतारे नवे नाव दाखवू लागतील. एकाच जिल्ह्यासाठी लिहिलेल्या आज्ञावलीत हे बरोबर चालेलही. पण समजा, तीच आज्ञावली संपूर्ण राज्यासाठी वापरावयाची ठरली. वर्ग एकच, उतारे बीडचे, पुण्याचे आणि नगरचे. सामायिक चल सर्वांचे मिळून एकच असल्यामुळे नगरचे नाव बदलताच बीडचाही उतारा अहिल्यानगरचा होईल. स्मॉलटॉकमधील भेद येथे उपयोगी पडतो : प्रत्येक जिल्ह्यासाठी उपवर्ग केला आणि नाव हे वर्गाचे स्वतःचे चल केले, तर प्रत्येकाचे नाव निराळे राहील. परंतु छत्तीस जिल्ह्यांसाठी छत्तीस उपवर्ग ही रचना ओढूनताणून आणलेली वाटते. उतारा कोणत्या जिल्ह्यातील आहे, यामुळे उताऱ्याचा प्रकार बदलत नाही. जिल्हा ही स्वतःच एक वस्तू मानावी, तिच्यात नाव असावे, आणि उताऱ्याने गावाकडे, गावाने तालुक्याकडे, तालुक्याने जिल्ह्याकडे निर्देश करावा, हेच योग्य. 'सर्वांना समान' आणि 'एका गटाला समान' यांतील हा फरक लक्षात न घेतल्याने वर्गसामायिक चलाचा जितका दुरुपयोग होतो, तितका अन्य कोणत्याही कारणाने होत नसावा.

फेरफाराच्या क्रमांकाची गोष्टही अशीच आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५० प्रमाणे ठेवावयाच्या फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, प्रत्येक नोंदीला क्रमांक मिळतो. पुढचा क्रमांक कोणता, हे कोणत्याही एका नोंदीला ठाऊक नसते. ते नोंदवहीला ठाऊक असते. पाठ्यपुस्तके वर्गसामायिक चलाचे पहिले उदाहरण म्हणून आजवर निर्माण झालेल्या वस्तूंची गणना करणारा जो गणक देतात, तो हाच. मात्र फेरफार हा वर्ग मानून गणक त्या वर्गाला जोडला, तर अकोले आणि कर्जत येथील गावांचे क्रमांक एकाच माळेत ओवले जातील. प्रत्यक्षात नोंदवही गावनिहाय असते. म्हणजे गणक नोंदवही या वस्तूचा होय, वर्गाचा नव्हे. आणखी एक गोष्ट कागदाने फुकट दिली होती. वही एक आणि ती लिहिणारा एक, म्हणून एकच क्रमांक दोन नोंदींना जाण्याचा संभव अल्प होता. यंत्रात दोन प्रक्रिया एकाच क्षणी जुने मूल्य वाचतात, दोघीही त्यात एक मिळवतात, आणि दोघीही तेच उत्तर परत लिहितात. ज्या सामायिक चलाला कुलूप नाही, त्याचा भरवसा धरता येत नाही.

१९७३ साली विल्यम वुल्फ आणि मेरी शॉ यांनी सर्वत्र दृश्य असणाऱ्या चलांवर जो कठोर आक्षेप घेतला, तो वर्गसामायिक चलालाही बराच लागू पडतो. वर्गाचे नाव पुढे जोडल्याने आणि प्रवेशावर मर्यादा घातल्याने त्याला काहीशी शिस्त लागते हे खरे. तरी कोठून, केव्हा आणि कोणी मूल्य बदलले, हे शोधण्याचे कष्ट तसेच राहतात.

भाषाभाषांतील सूक्ष्म फरकही येथे निष्काळजी माणसाला फसवितात. पायथन भाषेत वर्गाचे मूल्य वस्तूमार्फत वाचता येते. पण वस्तूमार्फत त्याला नवे मूल्य दिले, तर वर्गाचे मूल्य बदलत नाही. त्या एका वस्तूवर त्याच नावाचे वेगळे मूल्य निर्माण होते आणि ते वर्गाच्या मूल्याला झाकून टाकते. एखाद्या कारकुनाने एका छापील नमुन्यावरील जिल्ह्याचे नाव शाईने खोडून नवे लिहावे आणि संपूर्ण गठ्ठा दुरुस्त झाला असे समजावे, तसा हा प्रकार आहे. जावातील सापळा याहून खोल आहे. तेथे वर्गसामायिक मूल्य अपरिवर्तनीय म्हणून घोषित केले आणि ते संकलनाच्या वेळीच ज्ञात असले, तर संकलक त्याची प्रत ते वापरणाऱ्या प्रत्येक वर्गात उतरवून ठेवतो. मूळ वर्गात पुढे 'अहमदनगर' खोडून 'अहिल्यानगर' लिहिले आणि फक्त तोच वर्ग पुन्हा संकलित केला, तरी इतर वर्ग जुनेच नाव दाखवीत राहतात. त्यांचे स्वतंत्र संकलन होईपर्यंत त्यांना बदलाची वार्ताही नसते. एकच प्रत आहे असे मानावे आणि प्रत्यक्षात शंभर निघाव्यात, असा हा अनुभव. जिल्ह्यातील ज्या कचेऱ्यांत जुन्या नावाच्या छापील कागदांचे गठ्ठे शिल्लक असतील, त्यांची स्थिती याहून निराळी नसणार.

नावाऐवजी क्रमांकावर विसंबणे हा यावरील प्रचलित तोडगा. वाहनांच्या पाट्यांवरील एमएच-१६ हा नगरचा आणि एमएच-१७ हा श्रीरामपूरचा क्रमांक. नामांतराने त्यांतील एकही पाटी बदलावी लागली नाही, कारण पाटीवर नाव नव्हतेच. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याचा क्रमांक ५२२ होता. केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेत, जी लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी या नावाने परिचित आहे, त्याचा क्रमांक ४६६ आहे. २०२० साली सातबाराच्या नमुन्यात जे बदल झाले, त्यांत गावाच्या नावाशेजारी या निर्देशिकेतील क्रमांक छापण्याची तरतूद झाली. वस्तूची ओळख क्रमांकाने पटवावी आणि नाव हे केवळ दाखविण्यापुरते असावे, ही भूमिका त्यामागे स्पष्ट आहे. प्रशासनाच्या दृष्टीने ती निःसंशय उचित होय.

इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ती पुरत नाही. सामायिक मूल्याला भूतकाळ नसतो. ते बदलले की आधीचे मूल्य नष्ट होते आणि जणू प्रथमपासून नवेच होते असा देखावा निर्माण होतो. १९३० सालच्या एखाद्या फेरफाराची माहिती संगणकात भरली आणि तिची प्रत आज काढली, तर शिरोभागी 'अहिल्यानगर, महाराष्ट्र राज्य' असे छापून येऊ शकते. १९३० साली अहिल्यानगर जिल्हा नव्हता आणि महाराष्ट्र राज्यही नव्हते. मुंबई इलाखा होता. हस्तलिखित पानाचे छायाचित्र ठेवले असेल तर हा दोष येत नाही, कारण छायाचित्र आपल्या काळाचे मूल्य स्वतःजवळ बाळगते. म्हणजे जी पुनरुक्ती आज्ञावलीकाराला दोष वाटते, तीच पुराव्याच्या दृष्टीने साक्ष ठरते. १९४२ ते १९४५ या काळात जवाहरलाल नेहरू ज्या किल्ल्यात बंदी होते, तो त्या काळच्या प्रत्येक कागदात अहमदनगरचा किल्ला आहे. १७०७ साली औरंगजेब ज्या भिंगारजवळच्या छावणीत मरण पावला, तिच्याविषयीच्या साधनांतही जुनेच नाव येणार. निजामशाहीच्या राजधानीचा उल्लेख नव्या नावाने करणारी सूची वाचकाला मदत करीत नाही. ती त्याला चुकीच्या दप्तराकडे पाठविते.

यावर संगणकशास्त्राने दिलेले उत्तर असे की, नाव हे एक मूल्य न मानता कालावधीसह मूल्यांची माळ मानावी : अमुक दिनांकापासून अमुक दिनांकापर्यंत हे नाव, त्यानंतर ते. १९८० नंतर या दिशेने पुष्कळ संशोधन झाले आणि २०११ च्या एसक्यूएल मानकात कालावधीयुक्त कोष्टकांची तरतूद झाली. त्यात दोन काळ वेगळे ठेवता येतात. एक, गोष्ट प्रत्यक्षात खरी होती तो काळ. दुसरा, ती दप्तरात नोंदली होती तो काळ. नगरच्या बाबतीत हा भेद अत्यंत व्यवहार्य आहे. घोषणा २०२३ ची, मंत्रिमंडळाची संमती मार्च २०२४ ची, अधिसूचना ऑक्टोबर २०२४ ची, आणि निरनिराळ्या खात्यांच्या दप्तरांत बदल त्यानंतर केव्हातरी. या मधल्या काळातील एखाद्या दाखल्यावर जुने नाव दिसले, तर तो दाखला चुकीचा, बनावट की केवळ विलंबित, हे ठरविण्यास दोन्ही तारखा हाताशी लागतात. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४ प्रमाणे महसुली क्षेत्रांची केवळ नावेच नव्हेत तर हद्दीही शासनाला बदलता येतात, हेही येथे विसरता कामा नये.

हद्दींचा मुद्दा आला म्हणजे क्रमांकाची मातब्बरीही कमी होते. १८६९ पर्यंत आजच्या नाशिक जिल्ह्याचा बराच भाग अहमदनगर जिल्ह्यात मोडत असे. त्या वर्षी नाशिक स्वतंत्र जिल्हा झाला. विसाव्या शतकाच्या अखेरीस राहाता हा स्वतंत्र तालुका होऊन जिल्ह्यातील तालुक्यांची संख्या चौदा झाली. नाव तेच राहिले आणि त्याखालील प्रदेश बदलला, किंवा प्रदेश तोच राहिला आणि नाव बदलले, असे दोन्ही प्रकार या एका जिल्ह्यात घडले आहेत. १८५० च्या सुमाराच्या महसुली आकड्यांना आज ४६६ हा क्रमांक लावला, तर नाशिककडील गावांचा धारा नगरच्या खाती जमा होईल; न लावला, तर ते आकडे यंत्राच्या शोधात सापडणारच नाहीत. जिल्ह्याचे जुने आकडे संकलित करणाऱ्या अभ्यासकाला यास्तव प्रत्येक आकड्यासोबत त्या सालचे नाव, त्या सालच्या हद्दीत मोडणाऱ्या तालुक्यांची यादी आणि मूळ कागदाचा दिनांक, एवढे तरी त्या त्या नोंदीतच लिहावे लागते. वर्गाकडे सोपविण्याजोगे त्यात फार थोडे उरते.